भूकंपात उभं राहिलेलं हॉटेल शेवटी पाडलं का? टोकियोचं इम्पिरिअल हॉटेल, पायापासून

प्रश्न असा आहे: अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने बांधलेलं टोकियोचं इम्पिरिअल हॉटेल १९२३च्या महाभूकंपात उभं राहिलं, मग जेमतेम ४५ वर्षांत ते पाडून का टाकलं? आणि ते वाचवता आलं असतं का?

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर त्या हॉटेलाला जमिनीने खाल्लं. खालून गाळाने, वरून जमिनीच्या भावाने. भूकंपाचा त्यात वाटा थोडा. ‘भूकंपातून ते जसंच्या तसं बाहेर आलं’ या दंतकथेचा वाटा मात्र मला मोठा वाटतो, आणि तो का ते खाली सांगते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या इमारती तपासणं आणि त्यांची दुरुस्ती करणं हेच माझं काम, तीस वर्षं होत आली. या इमारतीवर माझा जीव आहे, म्हणूनच तिचे दोष झाकून बोलणार नाही.

आधी जागा पाहू. हॉटेल उभं होतं हिबियात, टोकियोच्या अगदी मध्यात. समोर हिबिया पार्क, पलीकडे सम्राटांचा राजवाडा. आज तिथे चालताना पायाखाली कधी समुद्र होता असं कुणाला वाटणार नाही. पण हिबिया ही मुळात खाडी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा इएयासूने इथे आपलं सत्ताकेंद्र वसवलं तेव्हा ही खाडी भरून काढली. वर भराव घातला, खालचा गाळ तिथेच राहिला. पुढचं सगळं या गाळाभोवती फिरतं.

त्या जागेवर पहिलं इम्पिरिअल हॉटेल १८९०मध्ये उघडलं. जपान तेव्हा परदेशी पाहुण्यांसमोर ‘आम्हीही तुमच्या तोडीचे’ हे दाखवायला धडपडत होता. परराष्ट्रमंत्री इनोउए काओरूंनी आग्रह धरला, शिबुसावा एइची आणि ओकुरा किहाचिरो या उद्योगपतींनी पैसा उभा केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती इमारत अपुरी पडू लागली. हॉटेलचे व्यवस्थापक हायाशी आइसाकू पूर्वी न्यूयॉर्कमध्ये जपानी कलावस्तूंच्या व्यवसायात होते. राइट तर जपानी लाकूडठशांच्या चित्रांचा वेडा. १९०५मध्ये तो पहिल्यांदा जपानला आला तेव्हाही अशी चित्रं गोळा करत हिंडला होता. चित्रांच्या या वर्तुळातूनच दोघांची गाठ पडली. १९१६मध्ये काम राइटकडे आलं आणि १९१९मध्ये बांधकाम सुरू झालं.

आता पाया. इथे जरा थांबते, कारण लोक दगडकामाबद्दल भरभरून लिहितात आणि पायाला दोन ओळींत उरकतात.

राइटने जागेवर भोकं पाडून पाहिलं. वर साधारण आठ फूट बरी माती, आणि खाली साठ-सत्तर फूट मऊ गाळ. प्रचलित उपाय म्हणजे लांब पाइल, म्हणजे जमिनीत उभे पुरलेले खांब, गाळातून आरपार नेऊन खालच्या कठीण थरावर टेकवायच्या. राइटने उलटा विचार केला. भूकंपात खालचा कठीण थर हलला की लांब पाइल ते हादरे थेट इमारतीत आणतील. त्यापेक्षा इमारत गाळावर तरंगू द्यावी, जहाज पाण्यावर तरंगतं तशी. म्हणून त्याने आठ फुटांची निमुळती भोकं पाडली, दोन-दोन फुटांवर, शेकड्यांनी, आणि त्यांत काँक्रीट भरलं. आखूड पाइलचं एक दाट रान. त्याआधी लोखंडाच्या लाद्या रचून जमीन किती वजन घेते हे मोजलं. अंदाजाने काम करणारा माणूस नव्हता तो.

वरच्या बांधणीतही त्याचा विचार स्वच्छ होता. भिंती खाली जाड आणि वर पातळ, म्हणजे वजन खाली. छपरावर जड कौलं नाहीत, तांब्याचे पत्रे. भूकंपात कौलं उडून माणसं मरतात हे त्याने पाहिलं-ऐकलं होतं. मजल्यांचे स्लॅब मधल्या आधारांवर तोललेले आणि दोन्ही बाजूंना कॅंटिलिव्हरसारखे, म्हणजे टोकाला आधार नसलेले, बाहेर काढलेले. स्वतः तो वेटरच्या बोटांवर तोललेल्या ट्रेचं उदाहरण द्यायचा. लांबलचक इमारत सलग न ठेवता तिचे भाग पाडले आणि मध्ये सांधे सोडले, म्हणजे एक भाग हलला तरी दुसऱ्याला ओढणार नाही. पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा पायात न गाडता वेगळ्या चरांतून नेल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशांत हे सगळं पाहिलं की माझ्यासारखीला हात जोडावेसे वाटतात.

मग चूक कुठे झाली? पाइलची लांबी आणि इमारतीची रुंदी यांच्या हिशेबात. एक पाइल एकटी असते तेव्हा ती आजूबाजूच्या मातीला धरून उभी राहते. पण दोन-दोन फुटांवर शेकडो आखूड पाइल असल्या की त्या सगळ्या मिळून एकच मोठा ठोकळा होतात, आणि वजन खाली किती खोल पोचतं हे मग पाइलच्या लांबीवर नाही, त्या ठोकळ्याच्या रुंदीवर ठरतं. हॉटेल रुंद होतं. वजन आठ फुटांखालच्या गाळात खोलवर उतरलं. गाळ म्हणजे पाण्याने भरलेला स्पंज, फरक एवढाच की स्पंज दाबला की पाणी लगेच निघतं, आणि चिकणगाळातून ते निथळायला दशकं लागतात. तोवर इमारत रोज कणाकणाने खाली बसत राहते. आणि ती सगळीकडे सारखी बसत नाही. मधला भाग, जिथे लॉबी, भोजनगृह, नाट्यगृह आणि वर मेजवान्यांचं मोठं दालन एकावर एक होतं, तो जड. दोन्ही बाजूंच्या खोल्यांचे विंग हलके. जड भाग जास्त खचणार हे उघड आहे. राइटच्या लोडिंग टेस्टने काही दिवसांत जमीन किती दबते ते सांगितलं. वीस वर्षांत काय होईल ते अशी चाचणी सांगूच शकत नाही. गाळ असा का दबतो, याचं शास्त्र कार्ल टेर्झागी या इंजिनिअरने नीट मांडलं ते १९२०च्या दशकात, म्हणजे हॉटेल उभं राहत असताना. त्यामुळे राइटला दोष देताना मी सावध राहते.

बांधकाम सुरू असतानाच संकटांची रांग लागली. १९१९मध्ये जुन्या हॉटेलची जोडइमारत जळाली. एप्रिल १९२२मध्ये जुनी मुख्य इमारतही जळून गेली. त्याच महिन्यात टोकियोला मोठा भूकंपाचा धक्का बसला आणि अर्धवट इमारतीने तो सोसला. पण खर्च अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट झाला होता, संचालक मंडळ वैतागलं होतं. हायाशींना पद सोडावं लागलं. राइट जुलै १९२२मध्ये जपान सोडून गेला, तो परत कधीच आला नाही. स्वतःची ही इमारत पूर्ण झालेली त्याने पाहिली नाही. उरलेलं काम त्याचा सहकारी एंदो आराता याने पुरं केलं. एंदोचं नाव या गोष्टीत फार कमी घेतलं जातं, ते घ्यायला हवं.

उद्घाटनाचा समारंभ ठरला १ सप्टेंबर १९२३च्या दुपारचा. सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी जमीन हलली.

तीव्रता ७.९. टोकियो-योकोहामा आणि आसपासच्या भागात मिळून एक लाखाहून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत. दुपारच्या जेवणाची वेळ, घरोघरी चुली पेटलेल्या, वारा जोराचा. हॉटेलच्या स्वयंपाकघरातही मेजवानीची गडबड होती. नवे व्यवस्थापक इनुमारू तेत्सुझो यांनी धावत जाऊन वीज तोडायला लावली, कारण तिथल्या शेगड्या विजेच्या होत्या. इमारत आगीतून वाचली त्यात या एका कृतीचा मोठा हात आहे. दारासमोरच्या तळ्याचंही असंच. पैसे वाचवायला ते वगळायची सूचना आली होती आणि राइट अडून बसला होता. आजूबाजूला आग पसरली तेव्हा त्या तळ्याचं पाणी कामाला आलं, असं तो पुढे अभिमानाने सांगे. पुढचे दिवस हॉटेलने दूतावासांना आणि वार्ताहरांना जागा दिली, बेघरांना जेवण दिलं. माझ्या दृष्टीने हॉटेलचा खरा मोठेपणा इथे आहे.

आणखी एक गोष्ट या भूकंपातून निघाली. जवळचं देऊळ, जिथे लग्नं लागत, ते जळालं. हॉटेलने आतच देवस्थान बसवलं आणि विधी, मेजवानी, फोटो सगळं एका छताखाली सुरू केलं. जपानमध्ये हॉटेलात लग्न लावायची जी पद्धत आहे तिची सुरुवात इथली.

काही दिवसांनी ओकुरांच्या नावाची तार अमेरिकेत राइटला मिळाली. हॉटेलला धक्काही लागलेला नाही, ते तुमच्या प्रतिभेचं स्मारक म्हणून उभं आहे, असा तिचा आशय. राइटने ती वर्तमानपत्रांपर्यंत पोचवली. त्याचे गुरू लुई सलिव्हन यांनी इमारतीची स्तुती करणारे लेख लिहिले. ‘सगळं शहर कोसळलं, एकच इमारत उभी राहिली’ ही कथा जगभर गेली.

खरं काय होतं? इमारत उभी राहिली, हे शंभर टक्के खरं. धक्काही लागला नाही, हे खोटं. मधला भाग खाली बसला, तळमजल्याच्या फरशा फुगून उंचसखल झाल्या, छताचे पंखे आणि काही दगडी नक्षीकाम खाली आलं. आणि एकटी तीच उभी राहिली हेही खोटं. जवळच मारुनोउचीत नाइतो ताचू यांनी आखलेली इंडस्ट्रिअल बँकेची इमारत होती. पोलाद आणि काँक्रीटचा सांगाडा, त्यात हादरे घेणाऱ्या कणखर भिंती. ती जवळजवळ अभंग राहिली. जपानच्या इंजिनिअरांनी पुढे रस्ता पकडला तो नाइतोंचा. टोकियो टॉवर आखणारे तेच हे नाइतो.

मग राइटचं हॉटेल टिकलं कशामुळे? माझं मत असं की गाळावर तरंगल्यामुळे नाही, गाळ असूनही टिकलं. मऊ जमीन हादरे मंदावत नाही, उलट ते वाढवून सावकाश झोके देते. अशा झोक्यांत उंच, लवचिक इमारतींचे हाल होतात. हॉटेल बुटकं होतं, वजन खाली होतं, भिंती कणखर होत्या, भागाभागांत सांधे होते, छप्पर हलकं होतं. या सगळ्याचं श्रेय राइटचंच. फक्त ज्या एका गोष्टीचा त्याला सर्वात जास्त अभिमान होता, ती सर्वात कच्ची निघाली.

आता दंतकथेचा वाटा. एखादी इमारत ‘अभेद्य’ म्हणून गाजली की तिच्या दुखण्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या कामात हे वारंवार येतं. मालक म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार? आणि भेग रुंदावत जाते. इम्पिरिअलचं खचणं थांबलेलं नव्हतं. जगासाठी ते चमत्कार होतं, आत काम करणाऱ्यांसाठी न बसणारी दारं आणि कलणाऱ्या फरशा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानून वेळेत पाया सुधारायला हवा होता.

मग युद्ध आलं. २५ मे १९४५च्या बॉम्बहल्ल्यात दक्षिणेकडचा विंग आणि मेजवान्यांचं दालन जळालं. शरणागतीनंतर अमेरिकनांनी हॉटेल ताब्यात घेतलं, ते १९५२पर्यंत. जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांसाठी चाललेल्या टोकियो खटल्याचे न्यायाधीश इथेच राहायला होते, त्यांत आपले राधाबिनोद पाल. दुरुस्ती झाली ती घाईची, रंग चढवून वापरात आणण्यापुरती. त्या काळात मूळ रूपाचं बरंच नुकसान झालं.

दगडही थकला होता. राइटने बाहेर-आत सगळीकडे वापरलेला ओया दगड म्हणजे टोकियोच्या उत्तरेला उत्सुनोमियाजवळ मिळणारी ज्वालामुखीच्या राखेची खडक-जात. हिरवट करडा, हलका, आगीला दाद न देणारा, आणि इतका मऊ की छिन्नीने हवी ती नक्षी काढावी. त्यात तपकिरी मातीचे ठिपके असतात, कारागीर त्यांना ‘मिसो’ म्हणतात. पाऊस लागून ती माती निघून जाते आणि भोकं उरतात. भोकांत पाणी, पाण्याने पोपडे. १९६०च्या दशकात बाहेरची नक्षी हाताने चोळली की भुगा यायचा, इतकी स्थिती खालावली होती. विटांचं मात्र उलट. पिवळसर, उभ्या रेघा ओढलेल्या या विटा तोकोनामेत खास भाजून घेतल्या होत्या आणि त्या चिवट निघाल्या. रेघांमुळे त्यांच्यावर दिवसभर बारीक सावल्या पडतात. त्या विटेवरून बोट फिरवलं की प्रत्येक रेघ कंगव्याने ओढल्यासारखी जाणवते.

एवढं होऊनही दुरुस्ती अशक्य नव्हती. खरा घाव भावाचा. हिबियाची जमीन देशातल्या सर्वात महाग जमिनींपैकी, आणि तिच्यावर दोन-तीन मजली विंग पसरून बसलेले. १९६२मध्ये हॉटेल ओकुरा उघडलं, १९६४च्या ऑलिंपिकसाठी न्यू ओतानी. मोठी, उंच, वातानुकूलित. टोकियोत १९२०पासून ३१ मीटरची उंचीची मर्यादा होती. १९६३मध्ये कायदा बदलला आणि ती सैल होऊ लागली. इम्पिरिअलपासून काही मिनिटांवर १४७ मीटर उंच कासुमिगासेकी बिल्डिंग १९६८मध्ये पुरी झाली. म्हणजे ज्या वर्षी राइटची इमारत मलब्यात गेली, त्याच वर्षी जपानची पहिली गगनचुंबी इमारत शेजारी उभी राहिली. १९७०च्या ओसाकातल्या जागतिक प्रदर्शनासाठी पाहुण्यांचा लोंढा येणार होता. मालकांनी हिशेब केला. विरोध झाला, जपानी वास्तुविशारद उठले, राइटची पत्नी ओल्गिवाना अमेरिकेतून आली. मालकांकडे मात्र एक बिनतोड मुद्दा होता: इमारत खचते आहे, पाहुण्यांच्या जिवाची जबाबदारी आमची. चाळीस वर्षं जी गोष्ट दंतकथेखाली दडली होती, ती नेमकी तेव्हा पुढे आली. नोव्हेंबर १९६७मध्ये दारं बंद झाली, १९६८च्या सुरुवातीला पाडकाम आटोपलं, मार्च १९७०मध्ये तिथे १७ मजली इमारत उघडली.

वाचवता आलं असतं का? सगळं नाही, असं मी म्हणेन. पण मधला भाग, तळं आणि लॉबीसकट, जागेवर ठेवून मागे आणि बाजूंना उंच बांधता आलं असतं. पायाखाली टेकू देऊन नवा पाया घालायचं तंत्र तेव्हाही होतं. नव्हती ती पैशाची सोय. जागेवर जितकं बांधायचा हक्क आहे तो वापरला नाही, तर त्याची भरपाई कुणी करायची?

याचं उत्तर टोकियोनेच दिलं, पण उशिरा. इम्पिरिअलपासून चालत पंधरा मिनिटांवर टोकियो स्टेशनची लाल विटांची इमारत आहे, तात्सुनो किंगो यांची, १९१४ची. तीही गाळावर, हजारो पाइन लाकडाच्या पाइलवर उभी होती. तीही त्याच २५ मे १९४५च्या हल्ल्यात जळाली, घुमट आणि तिसरा मजला गेला. तीही पाडायचे बेत झाले होते. पण २०००च्या कायदाबदलानंतर तिच्या डोक्यावरचा न वापरलेला बांधकामहक्क आजूबाजूच्या टॉवरना विकता आला, आणि त्या पैशांतून २०१२मध्ये ती पूर्ववत उभी राहिली. शिवाय इमारत उचलून धरून तिच्याखाली तीनशेहून अधिक रबरी बेअरिंग बसवले. जमीन हलली तरी वरची इमारत फारशी हलणार नाही. राइटला गाळाकडून जे हवं होतं, ते अखेर रबराने करून दाखवलं. तो प्रश्न बरोबर विचारत होता, हे मला त्या कामाबद्दल वाचताना पटलं.

राइटच्या हॉटेलचा जो तुकडा उरला तो नागोयाजवळच्या इनुयामात, मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात. वास्तुविशारद तानिगुची योशिरो यांच्या पुढाकाराने १९६५मध्ये ते उघडलं होतं. प्रवेशभाग आणि लॉबी तिथे नेऊन जोडायला १९८५ उजाडलं. ते रखडलं त्याचं एक कारण तोच दगड. ओया इतका झिजला होता की बराचसा पुन्हा लावता आला नाही, त्या जागी काँक्रीटचे साचे ओतून बसवले. शुद्धतावादी नाक मुरडतात. मला ते पटतं, कारण दुसरा मार्ग नव्हता, आणि मूळचे कित्येक तुकडे त्यात आहेत.

मी तिथे गेले तेव्हा पाऊस होता. प्रवेशाची कमान मुद्दाम बुटकी ठेवली आहे, डोकं खाली घालावंसं वाटतं, आणि दोन पायऱ्या चढून पुढे गेलं की एकदम तीन मजल्यांची उंची अंगावर येते. जाळीदार मातीच्या विटांचे खांब आतून उजळलेले असतात. वरच्या सज्ज्यात कॉफी मिळते. मी सवयीने खिशातली छोटी पाणसळ काढून फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. तिथली टेकडी घट्ट आहे.

टोकियोत जाणार असाल तर आताच्या हॉटेलच्या ओल्ड इम्पिरिअल बारमध्ये राइटच्या काळचे थोडे अवशेष भिंतीत बसवलेले आहेत, तेही बघा. लवकर बघा. १९७०ची ती मुख्य इमारतही २०३१पासून पाडून २०३६पर्यंत नवी उभारायची योजना हॉटेलने जाहीर केली आहे.